कलामसरांची गोष्ट पोरांना कशी सांगायची: १५ ऑक्टोबरसाठी एका खान्देशी मास्तरची पद्धत

ऑक्टोबर लागला की आमच्या मास्तर लोकांच्या वॉट्सॲप ग्रुपवर मेसेज सुरू होतात, 'कलामांवर छोटंसं भाषण असेल तर टाका प्लीज', मग कोणीतरी पीडीएफ टाकतं आणि तेच भाषण पारोळ्याला, तेच शिरपूरला, तेच नवापूरला, पोरगं घडाघडा म्हणतं, टाळ्या होतात, फोटो निघतो, संपलं. १५ ऑक्टोबर हा कलामांचा जन्मदिवस, आपल्या महाराष्ट्रात २०१५ पासून तो वाचन प्रेरणा दिन म्हणून करतात, म्हणजे दरवर्षी येणारच आहे, तर एकदा नीट बसवून टाका ना. खाली जे लिहिलंय ते पाचवी ते आठवीच्या पोरांसाठी आहे, साधारण दोन तासिका लागतात, खर्च जवळपास शून्य. ज्यांच्या घरी पोराला 'उद्या भाषण आहे' असं रात्री नऊ वाजता आठवतं त्या आईबापांनाही यातलं अर्धं कामाला येईल.

पहिली गोष्ट, काय गाळायचं ते ठरवा. पद्मभूषण १९८१, पद्मविभूषण १९९०, भारतरत्न १९९७, हे फळ्यावर एका कोपऱ्यात लिहा आणि सोडून द्या. पुरस्कार वाचून दाखवणं म्हणजे किराणाची यादी वाचून दाखवणं, पोरं तिसऱ्या ओळीला खिडकीबाहेर बघायला लागतात. सुविचार पण नको. कलामांच्या नावाने जे फिरतं त्यातलं बरंचसं त्यांनी कुठे म्हटलं याचा पत्ताच नसतो, आणि खरं असलं तरी सहावीतल्या पोराला त्यातून काय दिसणार? त्याला वस्तू दाखवा, माणूस दाखवा, आणि एखादी फजिती दाखवा. माझं म्हणणं एवढंच आहे की कलामांच्या आयुष्यातले १९७९ ते १९८० हे अकरा महिने नीट सांगितले तर बाकीचं आपोआप मागे येतं. राष्ट्रपती झाले ते मोठंच आहे, पण गोष्ट तिथे सुरू करू नका, नाहीतर पोरांना वाटतं हा माणूस पहिल्यापासूनच मोठा होता.

लहानपण दहा मिनिटांत, मूठभर चिंचोके घेऊन

आदल्या दिवशी पोरांना सांगा, येताना चिंचोके आणा. आपल्याकडे काय कमी नाही, प्रत्येक गावात मारुतीच्या पारापाशी नाहीतर नदीच्या वाटेला चिंच असतेच. चिंचोके टेबलावर ओता आणि विचारा याचे पैसे येतील का. पोरं हसतात. मग सांगा की १९३९ साली दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा चिंचोक्यांना अचानक मागणी आली, आणि रामेश्वरमचा एक आठ वर्षांचा पोरगा ते गोळा करून त्यांच्याच गल्लीतल्या किराणा दुकानात विकायचा, दिवसाचा एक आणा मिळायचा. त्याचं नाव अवुल पकीर जैनुलाब्दीन अब्दुल कलाम, जन्म १५ ऑक्टोबर १९३१. पूर्ण नाव एखाद्या पोराला मोठ्याने वाचायला लावा, दोनदा अडखळलं की तिसऱ्यांदा सगळा वर्ग म्हणतो.

पेपरची गोष्ट सगळ्यांना माहीत असते पण अर्धवट. युद्धामुळे रामेश्वरम स्टेशनवर गाडी थांबायचीच बंद झाली, म्हणून पेपरचे गठ्ठे चालत्या गाडीतून खाली फेकायचे. कलामांचा चुलतभाऊ शमसुद्दीन पेपरचा एजंट होता, त्याला ते गठ्ठे गोळा करायला हाताखाली कोणीतरी पाहिजे होतं, ते काम याला मिळालं. भुसावळ, पाचोरा, चाळीसगाव, नंदुरबारकडच्या पोरांना हे लगेच कळतं कारण धडधडत न थांबता जाणारी गाडी त्यांनी फलाटावर उभं राहून पाहिलेली असते, तिच्यातून गठ्ठा पडला तर तो किती लांब घरंगळत जाईल ते विचारा, वर्गात मस्त वाद होतो.

एक प्रसंग मात्र घाईत सांगू नका. पाचवीत असताना कलाम पहिल्या बाकावर बसायचे, शेजारी जिवलग दोस्त रामनाथ शास्त्री, म्हणजे रामेश्वरमच्या मंदिराच्या मुख्य पुजाऱ्यांचा मुलगा. नवीन मास्तर आले, त्यांना मुसलमान पोरगं पुजाऱ्याच्या पोराशेजारी बसलेलं पटलं नाही, त्यांनी कलामांना उठवून मागच्या बाकावर बसवलं. दोघंही घरी जाऊन सांगून मोकळे. रामनाथचे वडील लक्ष्मण शास्त्री यांनी मास्तरांना बोलावून घेतलं आणि चांगलं सुनावलं की लहान पोरांच्या डोक्यात हे विष कालवू नका. मास्तरही नंतर बदलले, असं कलामांनी स्वतः लिहिलंय. हे सांगताना वरून भाष्य करायची गरज नाही, पोरं आपापल्या बाकाकडे बघतात तेवढं पुरे.

त्याच शाळेत शिवसुब्रमण्य अय्यर नावाचे सर होते, त्यांनी पक्षी कसे उडतात हे फळ्यावर शिकवलं, पोरांना कळलं नाही, मग सगळ्या वर्गाला समुद्रावर नेऊन उडणारे पक्षी दाखवले. आपल्याकडे समुद्र नाही पण शाळेच्या मागे शेत तर आहे, नांगरट किंवा पाणी भरणं चालू असेल तर बगळे असतातच, नाहीतर वर घार फिरत असते. पाच मिनिटं बाहेर काढा, पंख कधी हलतात आणि कधी नुसतेच पसरलेले असतात एवढं बघायला सांगा.

पुढचं भराभर उरका: रामनाथपुरमची श्वार्ट्झ हायस्कूल, तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातून १९५४ ला फिजिक्स, मग मद्रासच्या एमआयटीत, म्हणजे मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, विमानाचं इंजिनिअरिंग, जिथल्या फीसाठी बहीण झोहराने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली. मुलींना हा भाग विशेष सांगा, आणि विचारा की आपल्या घरात कोणाचे दागिने कोणासाठी गहाण पडतात, खरीपाच्या आधी हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नसतो. मग एअरफोर्सच्या पायलटची मुलाखत, जागा आठ, कलामांचा नंबर नववा. इथे थांबा. हा नववा नंबर लक्षात ठेवायला सांगा, पुढे लागणार आहे.

आता ग्राउंडवर चला

याच्यासाठी लागतं काय: कोल्ड्रिंकची लिटरभराची बाटली (पाण्याची पातळ बाटली घेऊ नका, दाब सहन करत नाही), प्रयोगाच्या पेटीतलं रबरी बूच बाटलीच्या तोंडात घट्ट बसेल असं, फुटबॉलमध्ये हवा भरायची पिन आणि सायकलचा पंप. पिन बुचातून आरपार घाला. बाटलीत तिसरा हिस्सा पाणी, बूच लावा, बाटली उलटी करून चार विटांच्या मध्ये उभी करा, तोंड खाली, विटांनी ती वरच्या दिशेलाच जाईल एवढं बघा. पोरं निदान पंधरा पावलं मागे, पंप फक्त मोठ्या माणसाने मारायचा, पंपाची नळी जेवढी लांब तेवढं बरं, आणि बाटली उडाली नाही तर पळत जाऊन वरून वाकून बघायचं नाही, आधी पंप सोडून हवा जाऊ द्यायची. हे शेवटचं पोरांना तीनदा सांगा, कारण सगळ्यात जास्त घाई त्यांना त्याचीच असते.

पहिल्या वेळेला बूच मुद्दाम सैल लावा. पंप मारला की बुचाच्या कडेने पाणी गळतं, फुस्स होतं, बाटली जागेवरच आडवी. पोरं खिदळतात, हसू द्या. मग विचारा काय झालं. कोणीतरी म्हणणारच, सर पाणी गळी गयं. बस, हेच पाहिजे होतं. आता बसवा सगळ्यांना सावलीत आणि १० ऑगस्ट १९७९ सांगा.

श्रीहरिकोटा, आंध्रचा किनारा. भारताचं स्वतःचं पहिलं उपग्रह सोडणारं रॉकेट, एसएलव्ही-३. प्रोजेक्टचे प्रमुख कलाम, वय सत्तेचाळीस, मागे बरीच वर्षं हेच एक काम. रॉकेट २२ मीटर उंच, वजन १७ टन, चार टप्पे एकावर एक. एक टप्पा जळून संपला की तो सुटून खाली पडतो, ओझं कमी होतं, पुढचा पेटतो. फक्कीने मैदानावर २२ मीटरची रेघ मारा, खो-खोच्या दोन खांबांमध्ये असतं त्याहून जरासं कमी अंतर येईल, तिचे चार भाग पाडा आणि प्रत्येक भागावर पोरं उभी करा. १७ टन म्हणजे १७० क्विंटल, कापूस मोजणाऱ्या घरातल्या पोराला क्विंटल सांगा, टन नका सांगू. आणि एवढ्या सगळ्या अवजड कारभारातून वर काय न्यायचं होतं, तर चाळीस किलोच्या आतबाहेरचा एक उपग्रह. वर्गातल्या एखाद्या पोराला रेघेच्या टोकाला उभं करा, हा घ्या उपग्रह. फोटो काढायचाच असेल तर इथे काढा.

तर उलटी गिनती चालू असताना शेवटच्या मिनिटात कॉम्प्युटरने थांबा म्हणून सांगितलं, कुठेतरी गळती दिसत होती. तज्ज्ञ मंडळींनी हिशोब करून सांगितलं की काही होत नाही, शिल्लक भरपूर आहे. निर्णय कलामांचा होता. त्यांनी कॉम्प्युटरला बाजूला सारलं आणि रॉकेट सोडलं. हे त्यांनी नंतर स्वतःच कितीतरी भाषणांत सांगितलंय, लपवलं नाही. पहिला टप्पा व्यवस्थित गेला. दुसरा टप्पा पेटला आणि रॉकेट भरकटलं, कारण दिशा सांभाळायच्या यंत्रणेतलं ॲसिड गळून गेलेलं. सव्वापाच मिनिटांत सगळा खेळ आटोपला, रॉकेट बंगालच्या उपसागरात. इथे पोरांचे चेहरे बघा, मघाशी बुचातून गळालेलं पाणी त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. पुढच्या बाकावरचं एखादं पोरगं विचारतंच, 'मंग पुढे काय व्हयनं, सर?'

पुढे पत्रकार परिषद झाली, आणि ही मी पोरांकडून करून घेतो. एक पोरगी सतीश धवन, ते इस्रोचे अध्यक्ष. एक पोरगा कलाम, रात्रभर झोप नाही, चेहरा पडलेला. बाकी सगळे पत्रकार, आणि पत्रकारांना मोकळीक द्या, लोकांच्या पैशाचं काय, चूक कोणाची, तुम्ही राजीनामा देणार का, पोरं एकदम टीव्हीवरच्या अँकरसारखी सुटतात. खरं काय झालं होतं ते आधी सांगून ठेवा: धवन पुढे बसले, अपयश स्वतःच्या अंगावर घेतलं आणि टीमवर भरोसा आहे, वर्षभरात करून दाखवू अशा अर्थाचं बोलले. कलामांचं नाव पुढे केलं नाही. आता दुसरी पत्रकार परिषद, १८ जुलै १९८०. तसंच दुसरं रॉकेट उडालं, रोहिणी नावाचा ३५ किलोचा उपग्रह कक्षेत बसला. या वेळी धवन कलामांना म्हणाले, आज तू बोल.

एवढंच. दोन परिषदा पाठोपाठ करून घ्या आणि गप्प बसा. धवन झालेल्या पोरीला विचारा की दुसऱ्या वेळेला मागे बसताना कसं वाटलं. मला विचाराल तर कलामांच्या गोष्टीतला सगळ्यात मोठा माणूस या दोन दिवसांपुरता सतीश धवन आहे, आणि कलामही आयुष्यभर हे सांगत फिरले.

मग बूच घट्ट लावा आणि बाटली उडवा. शाळेच्या छतापर्यंत सहज जाते, वर्गणी काढून पुन्हा बाटली आणायची तयारी ठेवा कारण ती हमखास शेजारच्या शेतात जाते आणि तिथे आधीच दोन पोरं उभी असतात.

वेळ उरला तर थुंबाचं सांगा, केरळात तिरुवनंतपुरमजवळ. १९६३ साली तिथून पहिलं छोटं रॉकेट उडालं तेव्हा ऑफिस म्हणजे एक चर्च आणि शेजारचं बिशपचं घर, गावकऱ्यांनी आणि बिशपनी जागा देऊन टाकली होती. रॉकेटचे भाग सायकलवरून न्यायचे, त्याचा फोटो नेटवर सहज मिळतो, मोबाइलवर दाखवा. ज्यांच्या शाळेत एक खोली गळते आणि दुसरीत तांदळाची पोती आहेत त्यांना तो फोटो वेगळाच दिसतो.

मिसाइलपेक्षा पायाच्या पट्ट्या

कलाम १९८२ नंतर हैदराबादला क्षेपणास्त्रांच्या कामावर गेले. पृथ्वी १९८८, अग्नी १९८९, आणि अग्नीसुद्धा दोनदा ऐनवेळी थांबवावं लागलं, तेव्हा कुठे २२ मे १९८९ ला उडालं, पेपरवाल्यांनी मधल्या काळात भरपूर टिंगल केली. भुसावळ-वरणगावकडे ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या कामगारांची पोरं वर्गात असतील तर त्यांना या विषयात भयंकर इंटरेस्ट असतो, त्यांना बोलू द्या, पण सगळा वेळ मिसाइलवर घालवू नका. माझ्या मते पोरांनी लक्षात ठेवावी अशी वस्तू दुसरीच आहे. हैदराबादच्या एका हॉस्पिटलात पोलिओ झालेली लहान मुलं पायाला तीन-तीन किलोच्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे कॅलिपर, लावून पाय ओढत चालायची. मिसाइलसाठी जे हलकं आणि मजबूत मटेरियल तयार केलं होतं त्यातून कलामांच्या लोकांनी तसल्याच पट्ट्या बनवल्या, वजन साधारण तीनशे ग्रॅम.

शाळेच्या आवारात वीट पडलेली असतेच, ती साधारण तीन किलोची. पोराला ती एका हातात धरून वर्गाला एक चक्कर मारायला लावा, मग जाड वही देऊन दुसरी चक्कर. पायाला बांधू नका, पडतात.

राष्ट्रपती, आणि नाडगावचं कनेक्शन

आपल्याकडे 'नेता' म्हटलं की पोरांच्या डोळ्यासमोर पांढरे कपडे, पांढरी गाडी आणि मागे दहा माणसं. कलाम कुठल्या पक्षात नव्हते, कधी वॉर्डाची निवडणूक लढले नाहीत. २००२ साली सत्तेतल्या एनडीएने नाव पुढे केलं, काँग्रेसनेही पाठिंबा दिला, डाव्यांनी समोर आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना उभं केलं होतं, आणि २५ जुलै २००२ ला कलाम अकरावे राष्ट्रपती झाले. राष्ट्रपतीला निवडून कोण देतं, म्हणजे आमदार-खासदार, हे नागरिकशास्त्रात आहेच, इथेच उरकून टाका, पुन्हा शिकवायला नको.

नुसतं सही करणारे होते का, हा प्रश्न आठवीतला एखादा हुशार विचारतो. त्याला २००६ चं सांगा, लाभाच्या पदाचं, म्हणजे आमदार-खासदारांनी कुठली सरकारी फायद्याची पदं घेतली तर चालतील याचं, विधेयक संसदेने पाठवलं तर कलामांनी ते फेरविचारासाठी परत पाठवलं, संसदेने पुन्हा तसंच पाठवल्यावर घटनेप्रमाणे सही केली. आणि नुसती वाहवा नको म्हणून २००५ चं पण सांगा, बिहारची विधानसभा बरखास्त करायच्या आदेशावर त्यांनी परदेशातून, मॉस्कोहून, सही केली आणि नंतर सुप्रीम कोर्टाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. मोठी मुलं असतील तर हे जरूर सांगा, नाहीतर गोष्टीतला माणूस देव होऊन बसतो आणि देवाची कॉपी कोणी करत नाही, फक्त पूजा करतात.

लहान मुलांसाठी दुसरी गोष्ट. २००६ मध्ये त्यांचे नातेवाईक, पन्नासच्या वर माणसं, राष्ट्रपती भवनात राहायला आले. त्यांच्या राहण्याजेवणाचं जे काही साडेतीन लाखांच्या घरात बिल झालं ते कलामांनी स्वतःच्या खिशातून भरलं. लग्नाच्या सीझनमध्ये आपल्याकडे घरात पन्नास पाहुणे म्हणजे काय असतं ते पोरांना माहीत आहे, शेवभाजीच्या पातेल्याचा आकार विचारा फक्त.

आणि आता तो नववा नंबर काढा. ८ जून २००६, पुण्याचा लोहगाव विमानतळ, वय चौऱ्याहत्तर. ज्याला एअरफोर्सने घेतलं नव्हतं तो माणूस सगळ्या सैन्यदलांचा सरसेनापती म्हणून सुखोई-३० मध्ये बसला आणि उडाला, फायटर विमानातून जाणारे पहिले राष्ट्रपती. पोरं टाळ्या वाजवतात इथे, वाजवू द्या, पण लगेच पुढचा प्रश्न टाका, त्यांच्यानंतर राष्ट्रपती कोण झालं?

बोदवड, मुक्ताईनगर, जळगावकडच्या वर्गात उत्तर लगेच येतं, धुळे-नंदुरबारला थोडं आठवावं लागतं. प्रतिभाताई पाटील, जन्म नाडगावचा, तालुका बोदवड, जिल्हा जळगाव, कॉलेज जळगावचंच एमजे. २५ जुलै २००७ ला कलामांच्या हातून त्यांच्याकडे पद आलं, आणि २००९ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनीही त्याच लोहगाववरून सुखोईतून उड्डाण केलं. कलाम रामेश्वरमचे, लांबचे, तमिळ बोलणारे, असं वाटणाऱ्या पोरीला नाडगाव कुठे आहे ते नकाशात शोधायला सांगा.

फॉरवर्डमधल्या या गोष्टी भाषणात घालू नका

एक, 'युनोने १५ ऑक्टोबर जागतिक विद्यार्थी दिन जाहीर केला'. संयुक्त राष्ट्रांच्या दिवसांच्या यादीत असा दिवस नाहीये. वाचन प्रेरणा दिन म्हणा, तो खरा आहे आणि आपलाच आहे.

'अणुबॉम्बचे जनक' हे तर बॅनरवर पण असतं. कलाम मुळात विमानविद्येचे इंजिनिअर, काम रॉकेट आणि मिसाइलचं. १९९८ च्या पोखरण चाचण्यांमध्ये डीआरडीओ या संरक्षण संशोधनाच्या सरकारी संस्थेचे प्रमुख म्हणून त्यांचा मोठा वाटा होता, पण अणुऊर्जेची बाजू आर. चिदंबरम यांच्या टीमची होती, आणि पहिली चाचणी तर १९७४ चीच. डॉक्टर ही पदवीसुद्धा मानद, पीएचडी केलेली नव्हती, पण याने काही कमी होत नाही हे पोरांना उलट सांगाच.

'गरीब कोळ्याचा मुलगा' असं पण लिहितात. वडील जैनुलाब्दीन गावच्या मशिदीचे इमाम होते, त्यांची बोट यात्रेकरूंना धनुष्कोडीला ने-आण करायची, वादळात ती गेली. आणि रामेश्वरम तमिळनाडूत, थुंबा केरळात, श्रीहरिकोटा आंध्रात, हे तिन्ही एका राज्यात ढकलून मोकळे होणारे परीक्षक मी पाहिलेत.

पोरं काय विचारतील

लग्न केलं का? नाही. मटण खायचे का? नाही, शाकाहारी होते. गाणं-बिणं यायचं का? वीणा वाजवायचे. वारले कसे? २७ जुलै २०१५ ला शिलाँगला आयआयएममध्ये मुलांसमोर लेक्चर देताना कोसळले, वय त्र्याऐंशी, रामेश्वरमलाच दफन केलं. त्या दिवशी शिलाँगला जाताना पुढच्या जीपमध्ये एक जवान बंदूक घेऊन सगळा रस्ता उभा होता, कलाम त्याला बसायला सांगा म्हणून निरोप देत राहिले, पोचल्यावर बोलावून त्याचे आभार मानले आणि माझ्यामुळे तुला उभं राहावं लागलं म्हणाले. तालुक्याच्या रस्त्यावर ताफा जाताना बाजूला उभं राहिलेल्या पोरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

वेळ, भाषा आणि पुस्तकं

ऑक्टोबर म्हणजे कापूस वेचणीचे दिवस, दुपारनंतर हजेरी निम्मी, त्यात ऊन असं की ग्राउंडवर बारा वाजता उभं राहवत नाही. म्हणून परिपाठानंतर लगेच ग्राउंडचं काम, वर्गातलं नंतर. सत्र परीक्षा मध्ये येत असेल तर दोन दिवस मागेपुढे करा, कोणी फासावर देत नाही.

भाषणाला पोरगं उभं करायचंच असेल तर घरच्या भाषेत सांगू द्या. 'रॉकेट समिंदरमा पडी गयं' असं अहिराणीत सांगणाऱ्या पोरीचं जेवढं ऐकतात तेवढं 'प्रक्षेपक यान सागरात कोसळले' म्हणणाऱ्याचं ऐकत नाहीत. धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी, भिली, जे असेल ते. साहेब आले तर त्यांनाही समजतं, काळजी करू नका. पाहुण्यांचं भाषण मात्र एकच ठेवा आणि सरपंचांना आधीच सांगून ठेवा की आज पोरं बोलणार आहेत, बहुतेक जण खुशीत मान्य करतात.

आणि हा वाचनाचा दिवस आहे हे विसरू नका, भाषणातच दिवस जातो आणि पुस्तकांचं कपाट कुलुपातच राहतं, चावी कोणाकडे यावर शोधाशोध. चावी आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. पुस्तकं सतरंजीवर पसरा, कव्हर वर दिसेल अशी, आणि निवड पोरांची, तुम्ही हातात देऊ नका. अर्धा तास सगळी शाळा वाचते म्हणजे मास्तर, मॅडम आणि खिचडीवाल्या मावशी पण, मावशींना वाचता येत नसेल तर एखादी पोरगी शेजारी बसून वाचून दाखवते. मोठ्या मुलांना कलामांच्या 'अग्निपंख' या आत्मचरित्रातलं रॉकेट पडल्याचं तेवढंच प्रकरण द्या, पूर्ण पुस्तक द्याल तर पहिल्या वीस पानांवर अडकतात. चौथीच्या आतल्यांना चित्रांचं काहीही चालेल, कलामांचंच पाहिजे असं नाही.

संध्याकाळी पुस्तक घरी नेऊ द्या. वहीत नाव आणि तारीख लिहून घ्या, फाटलं तर ओरडणार नाही असं आधीच सांगा, नाहीतर नेतच नाहीत. आठवडाभर परत मागू नका, कारण बऱ्याच घरी ते पोरापेक्षा आधी शेजारची ताई नाहीतर आजोबा वाचत बसलेले असतात.